सरकारी लॉ कॉलेज : कोर्टाची वही शेवटच्या सत्रावर ढकलू नका

सीईटी, कॅप राउंड, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर हे सगळं पार करून सरकारी विधी महाविद्यालयात जागा मिळाली की फी भरताना हलकं वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण इथे तुमच्या मागे लागणारं कुणी नसतं. हजेरीची यादी लागते तेव्हा उशीर झालेला असतो. बार कौन्सिलचा ७० टक्क्यांचा नियम प्रत्येक विषयाला वेगळा लागतो. एकूण हजेरी भरते म्हणून कंपनी कायद्याचे तास बुडवले की अडकलात. खरंच अपवादात्मक कारण असेल तर त्या विषयात ६५ आणि सगळे विषय मिळून ७० असताना प्राचार्य सवलत देऊ शकतात. त्यांनी ती दिलीच पाहिजे असं मात्र नाही.

हजेरीचं सगळेच सांगतात. ज्याबद्दल कुणी धड सांगत नाही तो पेपर म्हणजे मूट कोर्ट (सरावासाठी लढवलेला काल्पनिक खटला) आणि इंटर्नशिपचा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत त्याची वाटणी अशी आहे: तीन मूटना ३० गुण, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराच्या मुलाखती आणि दाव्यापूर्वीची तयारी यांना ३०, तोंडी परीक्षेला १०. दोन खटल्यांपैकी एक दिवाणी, एक फौजदारी. कोर्टात बसून त्यांच्या नोंदी ज्यात करायच्या, ती कोर्टाची वही. विद्यापीठागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आपला छापील अभ्यासक्रम आधी काढून ठेवा.

मूट महिन्याभरात उरकता येतात. मुलाखतीही एखाद्या वकिलाच्या ऑफिसात आठवड्यात नोंदवून होतात. खटला मात्र तुमच्या सबमिशनच्या तारखेसाठी थांबत नाही आणि धावतही नाही. साक्षीदार गैरहजर, वकिलांचा अर्ज, न्यायाधीशांची बदली, मध्येच तडजोड. पाच तारखांपैकी तीन तारखांना पुढची तारीख पडण्यापलीकडे काही घडत नाही. मे महिन्यात दिवाणी काम सुटीमुळे थंडावतं. मग शेवटच्या पंधरा दिवसांत सीनियरची वही समोर येते आणि ती उतरवली जाते. इथेच मुलं सापडतात.

ती कशी सापडतात ते नीट समजून घ्या. उतरवलेल्या वहीत हमखास लिहिलेलं असतं, ‘वादीचा सरतपास ऐकला’. सरतपास म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनेच आधी घेतलेली त्याची साक्ष. पण दिवाणी दाव्यात सरतपास सहसा शपथपत्रावर दाखल होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर १८, नियम ४. कोर्टात बसलेल्याला दिसतं ते एवढंच: साक्षीदार शपथ घेतो, शपथपत्रावरची सही ओळखतो, दस्तऐवजांना निशाणी क्रमांक पडतात आणि उलटतपास सुरू होतो. कधी तोही कोर्ट कमिशनरसमोर. फौजदारीत सरतपास तोंडी होतो, सरकारी वकील प्रश्न विचारतात आणि टंकलेखक लिहून घेतो. परीक्षकाने ‘सरतपासात काय विचारलं?’ एवढंच विचारलं की बसलेला कोण आणि उतरवणारा कोण, हे कळतं.

दुसरी जागा कलमांची. जुन्या वह्यांत आरोपीचा जबाब कलम ३१३ खाली असतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो ३५१ आहे. म्हणून सगळीकडे ३५१ करून टाकू नका. नवी संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेला खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे चालतो, तिथे ३१३ च बरोबर. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर दोषारोपही भारतीय दंड संहितेखालचाच राहतो. वहीच्या पहिल्या पानावर गुन्ह्याची तारीख आणि दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख लिहा, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो.

सुरुवात शेवटच्या वर्षाच्या आधीच करा. ई-कोर्ट्स ॲपवर आपल्या कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा आणि पुराव्याच्या टप्प्यावर आलेली प्रकरणं निवडा. दिवाणीत मनाई किंवा वाटपाचे तीन दावे, फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडचे तीन खटले घ्या. वहीत शेवटी एकेकच जाईल, बाकीचे बुडाले तर हाताशी असावेत म्हणून. प्रत्येकाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक लिहून ठेवला की पुढची तारीख घरबसल्या कळते. पोक्सो, बलात्कार, कौटुंबिक वाद यांच्या वाटेला जाऊ नका. ते बहुधा बंद दालनात चालतात, तुम्हाला बाहेर काढतील. बाकी कोर्ट खुलं असतं, तिथे बसायला वशिला लागत नाही. पांढरा शर्ट, काळी पँट, फोन बंद. बँड आणि गाऊन सनद मिळाल्यावर.

त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातच नोंद लिहा: तारीख, टप्पा, कोण हजर, कोणता अर्ज आला, त्यावर समोरच्याचं म्हणणं काय, आदेश काय. काही घडलं नाही तर ‘साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख’ असंच लिहा. असल्या कोरड्या नोंदींनी वही खरी दिसते, कारण ती खरी असते. संध्याकाळी ऑनलाइन आदेशाशी ताडून पाहा.

मोठ्या नावाच्या सीनियरकडे इंटर्नशिप मिळावी म्हणून झुरणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: या पेपरसाठी रोज खालच्या कोर्टात उभा राहणारा, दहा-बारा वर्षं वकिली केलेला माणूस शोधा. तो तुम्हाला कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, वाचायला देईल, मुद्दे कसे काढले जातात ते दाखवेल, शिरस्तेदारांशी ओळख करून देईल. मोठ्या चेंबरमध्ये बहुतेक झेरॉक्स आणि जजमेंट शोधणंच वाट्याला येतं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे ती वर्षांवर वाटूनच घ्यावी लागते. नियमाप्रमाणे ट्रायल आणि अपील, दोन्हीकडच्या वकिलांकडे काम झालेलं असावं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी वर्गातल्या इंग्रजीने खचू नये. तालुका-जिल्हा न्यायालयांत रोजनामा, कैफियत, साक्षीपुरावा बऱ्याच अंशी मराठीतच असतो. इंग्रजी शाळेतली मुलं ‘पुरसीस’ आणि ‘सबब’ला अडखळतात, तेव्हा तुम्ही पान वाचून मोकळे झालेले असता. उशीर झाला असेल, शेवटचं सत्र सुरूही झालं असेल, तरी वही उतरवू नका. धनादेश न वटल्याची, कलम १३८ ची प्रकरणं बोर्डावर भरपूर असतात. तिथे दोन-तीन महिन्यांतही उलटतपास पाहायला मिळू शकतो. उद्या अकराला जाऊन बोर्ड बघा.