सॉफ्टवेअरच्या कामाचा अंदाज देताना या चुका टाळा

क्लायंट फोनवर विचारतो, "किती दिवस लागतील?" आणि नवीन पोरं लगेच आकडा सांगून मोकळी होतात. पुढे क्लायंट "साधारण" हा शब्द विसरतो, आकडा विसरत नाही. फोनवर एवढंच सांगा: "कामांची यादी पाठवा, परवा संध्याकाळी लेखी देतो."

सगळ्यात महाग पडते ती स्क्रीन आणि बटणं मोजून अंदाज काढायची चूक. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका हार्डवेअर पुरवठादाराच्या बिलिंगचं काम होतं. यादीत एक ओळ: "इनव्हॉइस रद्द करणे". तिच्यासमोर लिहिलं, अर्धा दिवस. बटण खरंच अर्ध्या दिवसात तयार झालं. पण ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी जीएसटी पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक) पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतो, तोही अख्खा. अर्धं बिल रद्द करता येत नाही. त्या बिलावर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) चालू असेल, तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोटची (बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाची) वेगळी वाट. प्रत्येक वाटेवर स्टॉक परत चढवायचा, खातं जुळवायचं, पोर्टलने उत्तर दिलं नाही तर पुन्हा पाठवायचं. अर्ध्या दिवसाचे सहा दिवस झाले, आणि सहाही बिनपैशाचे.

म्हणून प्रत्येक ओळीखाली तीन प्रश्न हाताने लिहा. हे उलटं कसं फिरवायचं? मध्येच अडकलं तर? समोरची सिस्टिम बंद असेल तर? उत्तरं लिहून झाल्याशिवाय तास लिहू नका. दोन दिवसांहून मोठी ओळ फोडा.

घाईत असलेले लोक शेवटी आकडा सरळ दुप्पट करतात. हा उपाय नव्हे. जी ओळ यादीत नाहीच, ती शून्याचीच दुप्पट होते. त्यापेक्षा ओळीगणिक तीन आकडे घ्या: सगळं सुरळीत झालं तर २ दिवस, नेहमीसारखं ४, बिघडलं तर १२. मधल्याला चारने गुणा, तिघांची बेरीज करा, सहाने भागा. ५ दिवस येतात.

जुना डेटा "एक्सेल इम्पोर्ट, एक दिवस" असा कधीच लिहू नका. आधी २०० ओळी मागवा आणि घड्याळ लावून स्वतः साफ करा. ५० मिनिटं लागली, तर ६,००० ओळींना २५ तास. "एम८ बोल्ट", "बोल्ट ८ एमएम" आणि "८एमएम बोल्ट झिंक" हा एकच माल आहे का, हे गोडाऊन सांभाळणारे काकाच सांगू शकतात, आणि त्यांचा वेळ तुमच्या हातात नसतो. त्यांचे तासही अंदाजात धरा.

आठ तासांच्या दिवसात सलग काम पाचच तास धरा; ८० तासांचं काम १६ दिवसांचं.

उशीर झाला म्हणून माणसं वाढवू नका; माणसं वाढली की एकमेकांशी बोलण्यातच वेळ जातो. चौघांत बोलण्याच्या जोड्या ६, आठ जणांत २८.

बडोद्यात नवरात्रीच्या नऊ रात्री संध्याकाळची रिलीज (नवी आवृत्ती चालू करणं) ठेवू नका. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बऱ्याच पेढ्या उघडत नाहीत, त्यामुळे क्लायंटकडची चाचणी त्या आठवड्यात शून्य धरा.

आणि कागदाच्या तळाशी "यात धरलेलं नाही" असा रकाना ठेवून त्यावर क्लायंटची सही घ्या: प्रिंटरची जुळवणी, ट्रेनिंग, मागच्या वर्षांची बिलं.