शके, सन आणि संदर्भ : मराठी विकिपीडियावर लिहिताना या चुका टाळा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि त्यातली गेली बारा-तेरा वर्षे मी तेथे संपादन करीत आलो आहे. कोणी कोणता लेख बदलला हे दाखवणारे 'अलीकडील बदल' हे पान रोज रात्री चाळण्याची सवय लागल्यामुळे त्याच त्या चुका निरनिराळ्या सदस्यनामांनी माझ्यासमोर येत राहतात. उघड उत्पाताचा, म्हणजे लेख पुसून त्या जागी शिव्या लिहून जाणाऱ्यांचा, मला फारसा त्रास वाटत नाही; तो लगेच दिसतो आणि एका टिचकीत उलटवता येतो. त्रास होतो तो चांगल्या हेतूने आणि घाईघाईने घातलेल्या चुकीच्या वर्षाचा, कारण ते कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो आणि तेवढ्यावर थांबतो. शकवर्ष चैत्रात सुरू होते आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात आणि पौष असेल तर जंत्री उघडल्यावाचून गत्यंतर नसते. जेधे शकावली या घटनांच्या जुन्या कालानुक्रमिक नोंदीतली शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते. खरे वर्ष १६३०. शिवजन्माच्या बाबतीत कोणी तरी लगेच दुरुस्ती करतो, पण आडगावच्या देवळाकडे कोण पाहणार?

आमच्या तालुक्यात असे एक देऊळ आहे. त्याच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख 'शके १६९२ विकृतीनाम संवत्सरे फाल्गुन शुद्ध ५' असा आहे. त्या देवळावरचा छोटा लेख मीच सुरू केला होता आणि वर्ष १७७१ लिहिले होते. काही महिन्यांनी एका नवख्या सदस्याने ते १७७० केले. संपादन सारांशाची, म्हणजे बदल का केला ते लिहिण्याची, जागा अर्थातच रिकामी होती. त्या सुमारास मी घरच्या कामांत अडकलो होतो आणि पहाऱ्याची सूची, म्हणजे मी लक्ष ठेवत असलेल्या लेखांतले बदल दाखवणारी यादी, पाहायची राहून गेली. पुढे एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्या देवळावर लेख आला, त्यात १७७० होते. मी विकिपीडियावर वर्ष दुरुस्त केले, तेव्हा तोच सदस्य पुरवणीचा संदर्भ घेऊन परतला आणि 'संदर्भ असलेली माहिती काढू नये' असे मला बजावून गेला.

पुरवणीतला मजकूर ओळीने वाचल्यावर मला हसावे की रडावे ते कळेना. 'दीपमाळेच्या पायाशी असलेला दगड पूर्वी पायरी म्हणून वापरात होता' हे माझे वाक्य तेथे जसेच्या तसे होते, आणि लेखात माझ्याकडून राहून गेलेला 'जिर्णोद्धार' हा ऱ्हस्व जिसुद्धा इमानाने छापलेला होता. म्हणजे विकिपीडियाची चूक वर्तमानपत्रात गेली आणि तीच संदर्भ होऊन विकिपीडियावर परत आली. एवढ्यावर ते थांबले नाही. गावाने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीचशे वर्षांचा सोहळा केला आणि स्मरणिका काढली, त्यामुळे आता चुकीच्या वर्षाला छापील पुस्तकाचाही आधार मिळाला. शकाच्या हिशेबाने १६९२ मध्ये २५० मिळवले असते तर शके १९४२ चा फाल्गुन, म्हणजे मार्च २०२१, हे कोणाही पुजाऱ्याने सांगितले असते.

आता माझीही चूक सांगतो. मी रागारागाने शिलालेखाचे छायाचित्र चर्चा पानावर चढवले आणि माझे वाचन हाच पुरावा असे लिहिले. एका अनुभवी सदस्याने शांतपणे दाखवून दिले की आपण स्वतः केलेले वाचन हे मूळ संशोधन ठरते, आणि विकिपीडियाच्या नियमांत ते बसत नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. शेवटी तालुक्याच्या वाचनालयात जिल्ह्यातल्या शिलालेखांचे एक जुने संकलन सापडले, त्यात या लेखाचे वाचन छापलेले होते, आणि त्या पृष्ठक्रमांकासह वर्ष पुन्हा १७७१ झाले. या सगळ्याला दोन वर्षे गेली. १७७० लिहायला अर्धे मिनिटही लागले नसेल.

तेव्हापासून मी मूळ तिथी जशीच्या तशी लिहितो आणि इसवी सन तिच्या पुढे देतो, म्हणजे पुढच्या माणसाला हिशेब तपासता येतो. संवत्सराचे नाव असेल तर तेही ताडून पाहतो: शकात १२ मिळवून ६० ने भागावे, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांतला क्रमांक. १६९२ साठी बाकी २४ येते आणि चोविसावे संवत्सर विकृतीच आहे. संदर्भ मिळाला की तो विकिपीडियावरच्या वाक्याच्या आधीचा की नंतरचा, हे 'इतिहास पहा' उघडून तपासतो. पाच मिनिटांचे हे काम ज्यांना जड वाटते, त्यांनी वर्षांना हात लावू नये.

विकिपीडियावरची चूक वर्तमानपत्रात जाण्याची ही फेरी मराठीतच होते असे नाही. २००९ साली फ्रेंच संगीतकार मॉरिस जार यांचे निधन झाले, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या लेखात एक रचलेले वाक्य त्यांच्या तोंडी घातले. विकिपीडियाच्या संपादकांनी ते संदर्भाअभावी काढून टाकले, पण तोवर ते नामांकित वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत छापून आले होते.

तारखांच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. इंग्रजांनी नवे, म्हणजे आजचे ग्रेगोरियन, कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारले, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच. म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख सुरतेच्या इंग्रजी पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात दहा दिवसांनी वेगळी दिसते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या पहिल्या लुटीला इंग्रजी कागदांत १६६३ हे साल आढळू शकते. ते पाहून लेखातले वर्ष 'सुधारण्याची' घाई करू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे वाद मिटवण्याची जबाबदारी लेखावर टाकणे. संत नामदेवांचे जन्मस्थान कोणी नरसी सांगतात, कोणी पंढरपूर. साईबाबांच्या जन्मस्थानावरून जानेवारी २०२० मध्ये पाथरी आणि शिर्डी समोरासमोर आले आणि शिर्डीत बंद पाळला गेला. अशा लेखांत माहितीचौकटीतले, म्हणजे लेखाच्या कडेच्या थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीतले, गाव रात्रीतून सहा वेळा बदलते आणि प्रत्येकाला वाटते की आपल्या नंतर कोणी उलटवले नाही म्हणजे आपण जिंकलो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याला रोखले जाऊ शकते. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे, मी एकदाच उलटवतो आणि चर्चा पानावर जातो. ज्ञानकोशाने निकाल द्यायचा नसतो. कोणत्या साधनात काय म्हटले आहे आणि ते साधन किती जुने आहे, हे दोन वाक्यांत लिहिले की माहितीचौकटीत 'मतभेद आहेत' असे लिहिता येते. अभिमान्यांना ते मिळमिळीत वाटते, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. इंग्रजी विकिपीडिया हा संदर्भ नव्हे; तिथला संदर्भ उघडून वाचा आणि तो द्या. चॅटबॉटने सुचवलेले पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत ते अस्तित्वात नाही असेच समजा. केतकरांचा ज्ञानकोश प्रताधिकारमुक्त आहे, पण त्यातली लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वीची आहे. 'थोर', 'सुप्रसिद्ध' आणि 'लाडके' ही विशेषणे स्मरणिकेसाठी राखून ठेवा. आपल्या काकांवर लेख लिहू नका. चर्चा पानावर चार टिल्डे (~~~~) टाकून सही करा.

आणि रात्री अकरानंतर वादाच्या लेखाला हात लावू नका. मी उत्तर धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, लिहितो आणि सकाळी चहा झाल्यावर वाचतो. निम्म्या वेळा ते तिथेच राहते.