माल गोडाऊनला द्या, मोजणी आपल्याकडे ठेवा

पापड, मसाले, साड्या, साबण असलं काही ऑनलाइन विकणाऱ्या बऱ्याच जणांचं एका टप्प्यावर घराचंच गोडाऊन होतं, आणि मग कोणीतरी सुचवतं की भिवंडीला नाहीतर वाघोली-चाकणकडे थ्रीपीएलवाल्याला, म्हणजे दुसऱ्यांचा माल सांभाळून पाठवणाऱ्या कंपनीला, माल देऊन टाक, ते ठेवतील, पॅक करतील, पाठवतील. सल्ला चांगला आहे. आमच्या पापड-कुरडयांच्या धंद्यात आम्ही तेच केलं. पण आधी थोडी तयारी लागते.

सगळ्यात आधी आज एक ऑर्डर घरून पाठवायला खरंच किती पडतात ते काढा. खोका, टेप, कुरिअर, परत आलेल्या पार्सलचा खर्च, आणि पॅकिंगला बसणाऱ्या घरच्या माणसाचा वेळसुद्धा, तो फुकट धरला की हिशोब कायम खोटाच येतो. हा आकडा हातात नसेल तर समोरच्याचा रेट स्वस्त की महाग हे कळणारच नाही. आणि ऑर्डर आल्यावरच माल बनवत असाल, म्हणजे नावाचं भरतकाम वगैरे, तर या भानगडीत पडूच नका, ठेवायला मालच नाही तर गोडाऊन कशाला.

रेट विचारताना रेटकार्डावर भुलू नका. त्यात माल उतरवून घेण्याचे वेगळे, जागेचे वेगळे, पिक-पॅकचे म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढून भरायचे वेगळे, रिटर्न हाताळायचे वेगळे, आणि खाली बारीक अक्षरात महिन्याचं मिनिमम बिलिंग, म्हणजे ऑर्डर कमी आल्या तरी द्यावंच लागणारं किमान बिल. सरळ गेल्या महिन्याची ऑर्डरची शीट पाठवायची आणि म्हणायचं, दादा, यावर तुमचं बिल किती झालं असतं ते काढून द्या. दोन-तीन ठिकाणांहून असं बिल आलं की चित्र स्पष्ट होतं.

आता खोक्याचं, इथे लहान धंद्याचे सगळ्यात जास्त पैसे जातात. कुरिअरवाले खरं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे खोक्याच्या आकारावरून काढलेलं, वजन यातलं जे जास्त असेल ते लावतात. सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. समजा ७०० ग्रॅम कुरडया ३० × २५ × २० च्या खोक्यात भरल्या तर झाले ३ किलो, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर निव्वळ हवेचं भाडं. त्याच कुरडया २५ × २० × १५ मध्ये बसल्या तर दीड किलो. म्हणून कुठल्या ऑर्डरला कुठला खोका हे तुम्ही ठरवून लेखी द्या, तिथल्या पोराच्या हाताला जो लागेल तो तो घेणार, त्याचा काय दोष. प्रत्येक साइजच्या भरलेल्या खोक्याचा काट्यावर ठेवून, बाजूला मेजरिंग टेप लावून फोटो काढून ठेवा, कुरिअरने वजन वाढवून लावलं की वाद घालायला तोच उपयोगी पडतो, आणि वाद घालायची मुदत थोडेच दिवस असते.

कागदपत्रं टाळू नका. जीएसटी नंबर असेल तर गोडाऊनचा पत्ता त्यात अॅडिशनल प्लेस ऑफ बिझनेस म्हणून टाकावा लागतो, बदल झाल्यापासून १५ दिवसांत, त्यासाठी अॅग्रीमेंट किंवा संमतीपत्र आणि तिथलं लाइटबिल मागून घ्या. गोडाऊन दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, त्यामुळे सुरुवात आपल्याच राज्यात करा. स्वतःच्याच गोडाऊनला माल जातोय तेव्हा डिलिव्हरी चलन बनवा. खाण्याचा माल असेल तर त्या पत्त्याचं एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं, लायसन्स आहे ना ते डोळ्यांनी बघा.

जागा बघायला स्वतः जा, आणि शक्यतो पावसाळ्यातच जा. माल पॅलेटवर, म्हणजे जमिनीपासून वर उचललेल्या फळ्यांवर, आहे की जमिनीला टेकलाय, भिंतीला ओल आहे का, उंदरांसाठी काय केलंय, शेजारी अगरबत्ती किंवा डिटर्जंटचा माल आहे का हे सगळं बघा, कारण पापडाला वास पटकन लागतो. एक्स्पायरी असलेल्या मालात आधी संपणारा माल आधी बाहेर, हे त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच सेट करून घ्या, तोंडी सांगून होत नाही.

सगळा माल एकदम पाठवू नका. जास्त खपणारे चार-पाच आयटम, प्रत्येकावर बारकोड, आणि पोचल्यावर किती नग मिळाले याची त्यांच्याकडून त्याच दिवशी लेखी पोच. मग दर महिन्याला एक-दोन आयटम निवडून स्टॉक मोजून घ्या, व्हिडिओ कॉलवर मोजला तरी चालेल. कमी भरला तर पैसे कोण देणार, किती टक्क्यांपर्यंत सोडून द्यायचं, हे अॅग्रीमेंटमध्ये पाहिजेच. मालाचा आग-चोरीचा विमा त्या पत्त्यावर तुमच्या नावाने असू द्या, त्यांच्या विम्यात तुमचा माल येतो असं धरून चालू नका.

सीओडी बंद करू नका पण पाठवायच्या आधी फोन किंवा व्हॉट्सअॅपवर कन्फर्म करा, पार्सल परत आलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्याच डोक्यावर बसतं. सीओडीचे पैसे किती दिवसांनी खात्यात येणार तेही आधीच विचारा, दिवाळीच्या तोंडावर कच्चा माल भरायला तेच लागतात. आणि बाहेर पडायचं कलम सही करायच्या आधी दोनदा वाचा, नोटीस किती दिवसांची आणि बिलाचा वाद चालू असताना ते तुमचा माल अडवू शकतात का. अडवू शकत असतील तर निदान वाद नसलेलं बिल भरल्यावर माल सोडायचा, एवढं तरी लिहून घ्या.