पतसंस्थेचा कार्बन हिशेब: आधी कर्जखतावणी उघडा

संचालक मंडळाच्या सभेत पर्यावरणाचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: येऊरला झाडं लावू या, फोटो अहवालात छापू या. झाडं जरूर लावा. पण पतसंस्थेमुळे हवेत किती कार्बन जातो हे मोजायचं तर कर्ज विभागाच्या टेबलाशी बसावं लागतं. ठाण्यात नौपाड्यातल्या एका नागरी पतसंस्थेची मी व्यवस्थापक आहे. हा हिशेब कसा मांडायचा ते सांगते. सल्लागार लागत नाही. मार्चअखेरची धावपळ संपल्यावर एक्सेल येणारा क्लार्क मोकळा असतो, तेवढं पुरतं.

हरितगृह वायू मोजायची जगभर वापरली जाणारी नियमावली म्हणजे जीएचजी प्रोटोकॉल. ती उत्सर्जनाचे तीन स्कोप, म्हणजे गट, करते. आपण स्वतः जाळलेलं इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, बाकी सगळं तिसऱ्यात. आपण दिलेली कर्जं या तिसऱ्यात येतात.

वीज सोपी. वर्षाची बिलं काढा आणि रक्कम सोडून फक्त युनिट उतरवा, कारण रकमेत स्थिर आकार आणि वीज शुल्क मिसळलेलं असतं. कळवा-मुंब्र्याच्या शाखेचं बिल टोरंटचं आणि नौपाड्याचं महावितरणचं असलं तरी युनिटवरून उत्सर्जन काढायचा गुणक एकच. केंद्रीय वीज प्राधिकरण तो जाहीर करतं. सध्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. महिन्याला १,२०० युनिट जळत असतील तर वर्षाला १४,४००, म्हणजे दहा टन. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे २.७ किलो. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधींच्या स्कूटरच्या पेट्रोलला लिटरमागे २.३, पण हे तिसऱ्या स्कोपमध्ये.

एसीपाशी मात्र थांबा. जुन्या एसीत आर-२२ गॅस असतो आणि तो एक किलो गळला तर सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते. मेकॅनिकच्या बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ असतं. गॅस कुठला आणि किती भरला, हे त्याच्याकडून बिलावरच लिहून घ्या. नंतर फोन केला तर त्याला आठवत नाही.

आता कर्जं. वित्तसंस्थांनी ही मोजणी कशी करावी याची पद्धत पीसीएएफ या गटाने ठरवली आहे. २०१५ साली नेदरलँड्समधल्या वित्तसंस्थांनी तो सुरू केला. सूत्र आपल्या ओळखीचं आहे: येणे बाकी भागिले कर्ज दिलं तेव्हाची मालमत्तेची किंमत. उत्सर्जनाचा तेवढा हिस्सा आपला, बाकीचा कर्जदाराचा.

एक रिक्षा घ्या. रोज साडेतीन किलो सीएनजी, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १,०५० किलो. किलोमागे २.७ धरलं तर २.८ टन. रिक्षा अडीच लाखांची आणि येणे बाकी सव्वा लाख असेल तर निम्मा वाटा, १.४ टन, आपला. अशी सात खाती झाली की कार्यालयाच्या वर्षभराच्या विजेएवढं उत्सर्जन भरलं! आमच्यासारख्या संस्थेत रिक्षाकर्जाची खाती सातावर थांबत नाहीत. एलईडी लावून सत्कार घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

सोनेतारण आणि वैयक्तिक कर्ज मोजायच्या फंदात पडू नका. पैसा लग्नात गेला की धंद्यात, कळत नाही. ती रक्कम मोजणीबाहेर ठेवा, पण ‘एकूण कर्जाच्या इतके टक्के मोजलेलं नाही’ असं अहवालात लिहा. घरकर्जाला सभासदाकडून वीजबिल मागा. देतात, वर्षातून एकदा मागितलं तर कुरकुर नसते. ब्रिटनमधल्या नेशनवाइडसारख्या सभासदांच्या मालकीच्या संस्थांना घर गरम ठेवायला जळणारा गॅस मोजावा लागतो. आपल्याकडे पंखा, फ्रिज, एसी, आणि स्वयंपाकाचा गॅस.

मग वचन. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० सालापर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत जाईल तेवढा कार्बन परत शोषला जाईल अशी स्थिती, गाठायचं जाहीर केलं. देशाला ते शोभतं; पतसंस्थेने तेच साल छापलं तर तेव्हा उत्तर द्यायला आजचा एकही संचालक नसेल. मंडळाची मुदत पाच वर्षं, म्हणून वचनही पाच वर्षांतलंच द्या. ‘कार्बनमुक्त पतसंस्था’ असा फलक लावू नका. ठराव असा करा की सूचक-अनुमोदकाला पुढच्या वर्षी जाब विचारता येईल: अमुक वर्ष पायाभूत, मोजणी दरवर्षी, इलेक्ट्रिक रिक्षाला व्याजात अर्धा टक्का सूट, आणि गृहनिर्माण संस्थांना छतावरच्या सौर पॅनलसाठी कर्ज. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे कर्ज लहान राहतं आणि हप्ता लिफ्ट-पंपाच्या वाचलेल्या बिलातून फेडायला मदत होते.

इलेक्ट्रिक रिक्षाचं उत्सर्जन शून्य लिहू नका. ठाण्याच्या ग्रिडवर चार्ज होते तोवर ते सीएनजीच्या साधारण दोन तृतीयांश धरा. आणि मंजुरीआधी चार्जिंग कुठे करणार ते विचारा. लोकमान्य नगरातल्या चाळीत राहणाऱ्याला व्याजाच्या सुटीपेक्षा पार्किंगजवळचा वीजमीटर जास्त महत्त्वाचा असतो.

३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तेव्हा हा विषय विषयपत्रिकेवर लेखापरीक्षण अहवालाच्या लगेच खाली ठेवा. चहा आल्यावर कोणी ऐकत नाही. लाभांश कमी होणार का, हे हमखास विचारलं जाईल. व्याजसुटीची वर्षाची रक्कम रुपयांत काढून ठेवा आणि तीच वाचून दाखवा. वाहनकर्जाच्या अर्जात आजच दोन रकाने वाढवा: इंधन कोणतं आणि रोजचे किलोमीटर किती.