ट्रॉलरवरचा पहिला हंगाम आणि फुगणारं जॅकेट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून खलाशी म्हणून पहिल्यांदा समुद्रात गेलो, तेव्हा बोटीवरची लाइफ जॅकेटं कुठे असतात ते मला रात्री झोपताना कळलं. सगळ्यांच्या उशाला तीच होती. नारिंगी, फोमची, मासळीचा वास मुरलेली. यात खलाशांना नावं ठेवून उपयोग नाही. ऑक्टोबरच्या उन्हात असलं जाडजूड काही छातीला बांधून जाळं ओढून बघा. हात पुढे येत नाहीत, वाकून मासळी निवडता येत नाही. मी सरकारी केंद्रात सहा महिने प्रशिक्षण घेतलं होतं, तिथे जॅकेट बांधायला शिकवलं होतं. पण ते अंगावर ठेवून बारा तास काम करायचं कसं, हे कोणी दाखवलं नव्हतं.

म्हणून नव्याने बोटीवर जाणाऱ्यांना सांगतो, फुगणारं जॅकेट घ्या, आणि नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, देत नसेल तर स्वतःच्या पैशाने घ्या. मानेवरून छातीवर उतरणारे दोन पट्टे आणि कमरेला एक, एवढंच ते दिसतं. आत घडी घातलेली पिशवी असते आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली. नेहमीच्या १५० न्यूटनच्या (न्यूटन म्हणजे तरंगवून धरायच्या ताकदीचं माप) जॅकेटात साधारण ३३ ग्रॅम वायू. माझा पहिल्या महिन्याचा निम्मा पगार त्यात गेला. घरी आईला खरी किंमत अजून सांगितलेली नाही.

‘पोहता येतंय की, कशाला पाहिजे?’ हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. मीही खाडीत वाढलेला, मलाही तसंच वाटायचं. पहिल्या थंडीत शेजारच्या बोटीवरचा एक जण पहाटे चहाच्या वेळी दिसेना. आपल्या बोटींवर संडास नसतो, रात्री मागे जाऊन कडेला एका हाताने धरून उभं राहायचं. इंजिनाच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार? तो कधी पडला हेच माहीत नव्हतं, मग शोधायचं कुठे? तो मिळाला नाही. पुढे अमेरिकेतले आकडे वाचनात आले. २००० ते २०१६ या काळात तिथे बोटीवरून पडून २०४ मच्छीमार गेले. त्यांतल्या १२१ जणांना पडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि अंगावर जॅकेट एकाच्याही नव्हतं. पोहता येणारे त्यात किती होते कोण जाणे.

आता घेताना काय बघायचं. दोरी ओढली की फुगणारं साधं जॅकेट असतं, पण डोक्याला मार लागून पडलात तर दोरी ओढणार कोण? आपोआप फुगणाऱ्यांत दोन जाती. एकात गोळी असते, ती भिजून विरघळली की बाटलीला भोक पडतं. दुसरं पाण्याच्या दाबावर चालतं, म्हणजे खरोखर पाण्याखाली गेलात तरच फुगतं. मी स्वस्त म्हणून गोळीवालं घेतलं. ऑगस्टमध्ये समुद्र अजून चढलेला, जाळं वर घेताना दोन लाटा अंगावर आल्या आणि मी विंचजवळ, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राजवळ, उभ्या उभ्या फुगलो. बोट चालवणारे आमचे तांडेलमामा केबिनमधून ओरडले, ‘अरे, बेडूक झालास की काय!’ पुढचे आठ दिवस माझं नाव बेडूक. नवी बाटली आणि गोळी बंदरात मिळेना, मुंबईहून मागवावी लागली. तेव्हा परवडत असेल तर दाबावर चालणारंच घ्या, आणि कुठलंही घेतलंत तरी बाटलीचा एक जोड जवळ ठेवा.

इंजिनाच्या थरथरीने बाटली आट्यांतून सैल होते, हे मला उशिरा कळलं. एकदा सहज चाचपून पाहिलं तर दीड आटा उलटी फिरलेली. सैल बाटलीला सुई भोक पाडत नाही, म्हणजे जॅकेट असून नसल्यासारखं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हाताने आवळतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवतो, सकाळी मऊ लागली तर कुठेतरी गळतंय. बाटली सोनाराच्या काट्यावर तोलून घेतो, तिच्यावर वजन कोरलेलं असतं. सोनाराला पहिल्या वर्षी मी गंमत करतोय असं वाटलं होतं.

मांड्यांमधून जाणारा पट्टा लाज न वाटू देता बांधा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. पट्ट्यांची टोकं आत खोचा, विंचची वायर लोंबणारं काही सोडत नाही. शिट्टी आहे ना बघा. आणि रात्री मागे जाताना कोणाला तरी सांगून जा. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवील, पण तुम्ही पडलात हे बोटीला कळायला हवं. कळलं तर मदतीला वायरलेसवर संकटाचा चॅनेल १६, मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

यंदा १ ऑगस्टला निघताना तांडेलमामांनीही एक आणलं. चार दिवस ते केबिनमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. पाचव्या रात्री पावसात मागे जायला उठले, तेव्हा गुपचूप घातलं आणि वरून रेनकोट चढवला. रेनकोटच्या आत फुगलं तर छाती आवळून श्वास कोंडतो. मी त्यांना तिथेच थांबवून आधी रेनकोट, मग वर जॅकेट असं घालायला लावलं. दोन शिव्या हासडल्या, पण घातलं.