मिठीच्या प्रवाहाचे कालश्रेणी प्रतिमान कसे बांधावे

कालश्रेणी प्रतिमान म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींवरून पुढचा आकडा सांगणारे गणिती सूत्र. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. एवढ्या आखूड नदीत पावसाचे पाणी काही तासांतच उतरते, म्हणून नोंदी तासागणिक घ्याव्यात; दिवसाच्या सरासरीत पुराचे शिखर हरवून जाते.

प्रथम नोंद पातळीची आहे की विसर्गाची (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या घनफळाची), हे पाहावे. खाडीलगत भरतीचे पाणी आत शिरते, त्यामुळे पातळी चढलेली असतानाही प्रवाह मंदावलेला, कधी उलटाही फिरलेला असतो आणि पातळीवरून विसर्ग काढण्याचा नेहमीचा आलेख तेथे लागू पडत नाही. भरती पोहोचत नाही असे वरच्या अंगाचे ठिकाण निवडणे उत्तम. २५ तासांची चल सरासरी भरती-ओहोटी बरीचशी पुसते खरी, पण सोबत पूरही पसरट करते, म्हणून पावसाळ्यासाठी ती मी वापरत नाही.

मग विसर्गाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा. सेकंदाला २ आणि २०० घनमीटर हे आकडे लॉगरिदमात ०.७ आणि ५.३ होतात, आणि एकटा पूर प्रतिमानाचे सगळे गुणांक (सूत्रात प्रत्येक घटकाला ज्या आकड्याने गुणतात ते) आपल्याकडे ओढत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा दिवस अपवाद म्हणून वगळू नये, कारण प्रतिमानाची खरी गरज अशाच दिवशी असते.

कोरडे महिने वेगळे ठेवावेत. तेव्हा मिठीतून मुख्यतः सांडपाणी वाहते आणि त्याची चढउतार शहराच्या दिनक्रमानुसार होते. पावसाळ्यासाठी मागील तासाचा विसर्ग आणि गेल्या काही तासांचा पाऊस घेऊन स्वसमाश्रयी, म्हणजे स्वतःच्याच मागील मूल्यांवरून पुढचे मूल्य काढणारे, प्रतिमान बसवावे. मागील तासाचा गुणांक ०.८ आला, तर या तासाला आलेल्या अचानक बदलाचा तीन तासांनी निम्मा आणि दहा तासांनी जेमतेम दशांश प्रभाव उरतो. नदी खरोखर इतक्या वेगाने ओसरते का, हे जुन्या पुरांच्या आलेखांवर ताडून पाहावे.

शेवटी उरलेल्या त्रुटींचा (प्रत्यक्ष आणि अंदाज यांतील फरकांचा) स्वसहसंबंध, म्हणजे त्यांचे आधीच्या तासांच्या त्रुटींशी असलेले नाते, तपासावा. चार महिन्यांच्या तासागणिक नोंदी सुमारे २९०० भरतात, तेव्हा साधारण ०.०३६ च्या पलीकडचे मूल्य योगायोगाचे सहसा नसते. प्रतिमान बांधताना न वापरलेल्या एखाद्या पावसाळ्यावर त्याची परीक्षा घ्यावी, आणि 'मागच्या तासाचाच आकडा पुढे धरा' या साध्या नियमाशी तुलना करताना पाणी चढतानाचे तास वेगळे मोजावेत.