हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट कसं घ्यायचं: कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांसाठी

मुलगी अकरावीत आहे आणि कॉलेजला जाते असं साताऱ्याला फोनवर सांगितलं तर तिची आजी म्हणाली, अगं अकरावीत कॉलेजलाच जातात की सगळे! आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, त्यामुळे तिला त्यात नवीन काही वाटलंच नाही. इथे अमेरिकेत मात्र अकरावी म्हणजे शाळाच, आणि शाळा चालू असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमध्ये) खराखुरा कॉलेजचा कोर्स करायचा आणि ते क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजली जाणारी कोर्सची नोंद, पुढे युनिव्हर्सिटीत वापरायचं, याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. वॉशिंग्टन राज्यात हेच रनिंग स्टार्ट, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, मिनेसोटात तर १९८५ पासून चालू आहे, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मी कॅलिफोर्नियाचं लिहितेय कारण दोन मुलांचं इथेच केलंय.

एक गोष्ट आधी सांगते कारण बहुतेक घरांत इथेच गडबड होते. कोर्स पास झाला म्हणजे क्रेडिट मिळालं असं नसतं, पुढची युनिव्हर्सिटी ते धरेल तेव्हा ते क्रेडिट. म्हणून सुरुवात उलटीकडून करायची.

आधी बघा हा कोर्स पुढे कुठे चालणार

असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे तुमचं कम्युनिटी कॉलेज आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूचा (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कॅम्पस निवडला की कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या बदल्यात धरतात ते दिसतं. मुलासोबत बसून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि २०२५ च्या फॉलपासून काही कोर्सना राज्यभर एकच नंबर आलाय, म्हणजे स्टॅटिस्टिक्स कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात स्टॅट सी१०००, तसंच सायकॉलॉजी, पोलिटिकल सायन्स, पब्लिक स्पीकिंग आणि इंग्लिशचं. पहिला कोर्स यातलाच घ्यावा असं माझं मत आहे, कारण हे जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी लागतातच.

पण असिस्टवर मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांचं कळतं. खासगी किंवा दुसऱ्या राज्यातली युनिव्हर्सिटी डोक्यात असेल तर त्यांच्या साइटवर वाचा, कारण जो कोर्स हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी वापरलाय तो बऱ्याच खासगी ठिकाणी क्रेडिटला धरत नाहीत. यूसीला अर्ज करताना मात्र दुहेरी फायदा आहे, ३ युनिटचा (युनिट म्हणजे कॉलेजचं क्रेडिट मोजायचं माप) एका सेमिस्टरचा ट्रान्सफरेबल, म्हणजे यूसी क्रेडिटला धरते असा, कोर्स त्यांच्या ए-जी यादीत (प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये लागणाऱ्या विषयांच्या यादीत) शाळेच्या अख्ख्या वर्षाइतका धरतात आणि जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) ऑनर्सचा जादा पॉइंट मिळतो (हे जादा पॉइंट एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, वगैरे सगळं मिळून ८ सेमिस्टरपर्यंतच). आणि एक भीती बऱ्याच जणांना असते की जास्त युनिट झाले तर मूल ट्रान्सफर स्टुडंट (दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणारं) धरलं जाईल, तसं होत नाही, शाळा संपायच्या आत केलेले कितीही युनिट असले तरी यूसीत अर्ज फ्रेशमन (पहिल्या वर्षाला नव्याने येणारा) म्हणूनच जातो.

एपी की हे, असंही विचारतात. एपीत क्रेडिट मे महिन्यातल्या एका परीक्षेवर ठरतं, इथे सेमिस्टरभराच्या कामावर. ज्या मुलाला परीक्षेच्या दिवशी हातपाय गार पडतात पण रोजचा होमवर्क नीट होतो त्याने हाच रस्ता घ्यावा.

मग शाळेची सही

शाळेच्या काउन्सेलरकडे जायचं, कॉलेजचा ड्युअल एनरोलमेंटचा फॉर्म घ्यायचा, त्यावर पालकांची आणि शाळेची सही लागते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक टर्मला नवीन फॉर्म. समरला कोर्स करायचा असेल तर एप्रिलमध्येच विचारा, जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की सही करायला कोणी भेटत नाही. तेव्हाच हेही विचारून घ्या की हा कोर्स शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेडच्या अधिकृत पत्रकावर) येणार का आणि शाळेच्या जीपीएत धरणार का, ते प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं.

काही शाळांमध्ये कॉलेजचा कोर्स शाळेच्याच वर्गात, शाळेच्या वेळात होतो, त्याला सीकॅप म्हणतात, तिथे पुस्तकांचाही खर्च नसतो. तुमच्या शाळेत असेल तर पहिला पर्याय तोच.

अर्ज भरताना

कम्युनिटी कॉलेजांच्या सीसीसीअप्लाय या साइटवर अर्ज, फुकट आहे. मुलाने स्वतः भरायचा, तुम्ही शेजारी बसा. ईमेल शाळेचा देऊ नका, शाळेच्या अकाउंटवर बाहेरचे मेल बरेचदा अडतात. नाव शाळेत आहे तसंच, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि एकीकडे ते असतं, दुसरीकडे नसतं, मग दोन अकाउंट तयार होतात आणि शाळेचा फॉर्म एकाला लागतो, रजिस्ट्रेशन दुसऱ्यावर अडकतं. स्टेटस विचारतात तिथे हायस्कूल आणि कॉलेज एकाच वेळी चालू आहे असा पर्याय असतो, तोच निवडायचा. चुकला तर फीचं बिल येतं. युनिटला ४६ डॉलर अशी फी आहे, पण ११ युनिटपर्यंत घेणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं ती माफ करतात. हेल्थ फी, पार्किंग अशा छोट्या फी मात्र लागू शकतात आणि पुस्तकं आपली आपण. क्लासच्या यादीत झिरो टेक्स्टबुक कॉस्ट असं लिहिलेलं सेक्शन (त्या कोर्सची तुकडी) शोधा, पुस्तकाचा सगळा खर्च वाचतो.

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर) असलेल्यांनी रेसिडेन्सीचे (राज्याचे रहिवासी असण्याचे) प्रश्न घाईत भरू नका. या व्हिसावरच्यांना कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी मिळू शकते, पण इथे एक वर्षाहून जास्त राहिल्याचे कागद दाखवावे लागतात, लीज, टॅक्स रिटर्न वगैरे काढून ठेवा. कॉलेजने नॉनरेसिडेंट धरलं तर फीचा आकडा खूप वर जातो.

सीट मिळवणं

रजिस्ट्रेशनमध्ये हायस्कूलच्या मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, कायद्यातच तसं आहे. त्यामुळे चांगले सेक्शन भरलेले असतात. तीन-चार सेक्शन आधीच लिहून ठेवायचे, आपली रजिस्ट्रेशनची वेळ उघडली की लगेच लॉगिन, भरलेलं असेल तर वेटलिस्टवर नाव, आणि पहिल्या दिवशी क्लासला जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी जे येत नाहीत त्यांना प्रोफेसर काढून टाकतात आणि मग वेटलिस्टवाल्यांना नाव घालण्यासाठी अ‍ॅड कोड देतात. माझ्या मुलीला स्टॅटिस्टिक्स असंच मिळालं, वेटलिस्टवर चौथी होती, पहिल्या तासाला मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तास संपल्यावर प्रोफेसरने नाव विचारून कोड लिहिलेली चिठ्ठी दिली.

मुलाच्या बाबतीत उलटं झालं. समरचा ऑनलाइन कोर्स होता, पहिल्या आठवड्यात बुधवारपर्यंत कॅनव्हासवर (ऑनलाइन क्लास चालतो त्या साइटवर) स्वतःची ओळख लिहायची होती, आम्ही त्या वेळी पुण्याच्या विमानात. उतरून बघितलं तर क्लासमधून नाव गेलेलं. मी कॉलेजला फोन केला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मुलाबद्दल तुमच्याशी बोलता येणार नाही. तो पंधरा वर्षांचा आहे म्हटलं तरी उत्तर तेच. फर्पा म्हणून केंद्राचा कायदा आहे, मूल कॉलेजला लागलं की वय काही असो, रेकॉर्डचा हक्क मुलाचा होतो. मला त्या दिवशी फार राग आला होता. पण शेवटी मुलानेच प्रोफेसरना चार ओळींचा ईमेल लिहिला आणि त्यांनी परत घेतलं. म्हणून ईमेल कसा लिहायचा हे आधीच शिकवा: कोर्सचं नाव, सेक्शन नंबर, काय हवंय, आभार.

भारतात जाऊन ऑनलाइन कोर्स करायचा विचार असेल तर वेळ बघा. कॅलिफोर्नियातली रात्री ११:५९ ची डेडलाइन उन्हाळ्यात पुण्यात दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९. लग्नघरात जेवणाच्या पंगती बसलेल्या असतात त्या वेळी क्विझ द्यावी लागते.

वेळेचं गणित

एक युनिट म्हणजे सेमिस्टरभर आठवड्याला साधारण १ तास क्लास आणि २ तास घरचं काम. ३ युनिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला ९ तास. तोच कोर्स समरमध्ये ६ आठवड्यांत असेल तर आठवड्याला २५ तासांच्या वर जातो, त्याच्याबरोबर स्विमिंग, ड्रायव्हिंग क्लास आणि इंटर्नशिप नाही जमत. पहिल्यांदा एकच कोर्स घ्या, प्लीज.

कारण ही ग्रेड कायमची आहे. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट त्या दिवसापासून सुरू होतं, पुढे मेडिकल स्कूलला अर्ज केला तरी दहावीतला सी तिथे दाखवावा लागतो. सिलॅबस हातात आला की दोन तारखा फ्रीजवर लावा: कुठपर्यंत सोडलं तर रेकॉर्डवर काहीच येत नाही, आणि कुठपर्यंत सोडलं तर नुसता डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) येतो. पहिली तारीख फार लवकर असते, सेमिस्टरचा पाचवा भाग संपायच्या आसपास, तोपर्यंत एखादीच क्विझ झालेली असते. त्या आठवड्यात मुलाला शांतपणे विचारा, जमतंय का? नाही म्हणालं तर सोडू द्या. आणि क्लासला जायचं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं नसतं, पोर्टलवर ड्रॉपचं बटण दाबावंच लागतं, नाहीतर एफ येऊ शकतो.

कोर्स संपल्यावर

ट्रान्सक्रिप्ट आपोआप कुठेच जात नाही. ग्रेड आली की कॉलेजच्या पोर्टलवरून एक अधिकृत कॉपी हायस्कूलला पाठवायची, बारावीत अर्ज भरताना प्रत्येक कॉलेज कोर्स लिहायचा, सोडलेला डब्ल्यूसुद्धा, आणि अ‍ॅडमिशन घेतली की त्या युनिव्हर्सिटीला पुन्हा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, दोन कॉलेजांतून कोर्स केले असतील तर दोन्हीकडून. कॉलेजचा स्टुडंट आयडी आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. मुलीच्या युनिव्हर्सिटीने एका कोर्सबद्दल शंका काढली तेव्हा तिने दोन वर्षांपूर्वीचा सिलॅबस पाठवला आणि आठवड्याभरात क्रेडिट लागलं.